चुकलेल्यांची दोरी

नेमूअण्णांच्या प्रदर्शनात एक दोरी वेगळी बांधलेली असायची. तिच्यावर चुकलेली चित्रं. लाकडाच्या ठशावर चित्र उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते कागदावर सुलटं उमटतं. ठसा हातात घेणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी सांगितलं जाई आणि प्रत्येक जण ते विसरे. मग तलवार उपसलेला वीर डावखुरा होई, घाटाच्या पायऱ्या भलत्याच काठाला उतरत, आणि कुणी हौसेनं स्वतःचं नाव कोरलं असेल तर ते आरशात धरल्याशिवाय वाचता येत नसे. दुसरीकडे असला कागद चुलीत गेला असता. अण्णा तो दोरीवर लावत आणि म्हणत, "कोरलंय झकास. कागदाला पटलं न्हाई, एवढंच."

माझी हजेरी त्या दोरीवर सुरुवातीलाच लागली. मी गणपती कोरला होता, साधा डाव्या सोंडेचा. छापून उचलला तर सोंड उजवीकडे. मी तेव्हा मामाकडे राहत होते. तो कागद कौतुकानं घरी नेला तर मामीनं मला दारातच अडवलं. "उजव्या सोंडेचा? त्याचं सोवळं कोण पाळणार, तू?" गणपती आल्या पावली परत गेला. अण्णा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "बाई, तुमच्या हातात आला आनी देवसुदीक कडक झाला की वो!"

हे सगळं सांगलीतलं, लढाईच्या वर्षांतलं. मी मूळची साताऱ्याची. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी मिळाली म्हणून सांगलीला आले होते. माझं लग्न जमत नव्हतं. घाई मला नव्हती, मामीला होती. रविवारी घरात असलं की कुणी ना कुणी मला बघायला यायचं, म्हणून मी रविवारी घरात बसेनाशी झाले. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, हळदीच्या पेठेत एक जैन व्यापारी वखारीत ठसे कोरायला शिकवतो, बायकाही जातात. मी गेले, आणि पुढची काही वर्षं माझे रविवार तिथेच गेले. आयुष्यातले कुठले दिवस परत हवेत असं आज मला कुणी विचारलं तर मी ते रविवार मागेन. दुसरं काही मागणार नाही.

अण्णांचं पूर्ण नाव नेमगोंडा पाटील. घरचा हळदीचा व्यापार. थोरले भाऊ पेढीवर बसत, त्यांना सगळे दादा म्हणत. अण्णांकडे वखार होती. वखारीच्या पुढच्या भागात हळदीची पोती, मागच्या भागात चटया, कोरण्यांचा पत्र्याचा डबा आणि भिंतीशी रचलेल्या फळ्या. या मागच्या भागाला अण्णांनी ठसेघर असं नाव दिलं होतं. दार सगळ्यांना उघडं. शिंपी यायचे, कासार यायचे, तालमीतली पोरं यायची. पोस्टातले कारकून बंडोपंत तर नेमानं यायचे. आठवडाभर टपालावर शिक्के मारून या गृहस्थांचं समाधान होत नसे, ते रविवारी आणखी शिक्के मारायला इथे येत. शिकवण्याची फी नव्हती. अट एकच, आलेल्यानं येताना काही आणलं नाही तरी चालेल, पण जाताना जमीन झाडून जायची.

अण्णा उंच आणि किडकिडीत होते. नखं हळदीनं पिवळी, बोटांची टोकं काजळीनं काळी. कपड्यांची त्यांना शुद्ध नसे, धोतराला शाई पुसत. पण डोक्याचा रुमाल! एवढ्या एका बाबतीत माणूस नटवा होता. वखारीच्या खांबाला एक जुना आरसा टांगलेला होता, राहत्या घरातून मुद्दाम आणलेला. काम अडलं की अण्णा उठत, आरशासमोर उभे राहत, चांगला बांधलेला रुमाल सोडत आणि पुन्हा पहिल्यापासून बांधत. आम्ही गालातल्या गालात हसायचो. बंडोपंत म्हणायचे, "अण्णा, हळदीला काय, पोत्यांनाही तुम्ही पसंत आहात. बसा आता."

त्यांच्या काही गोष्टी जगावेगळ्या होत्या. फळी कोरायला घेण्याआधी ते तिला कान लावून बसत. आत कीड असली तर लाकूड कुरतडल्याचा बारीक आवाज येतो म्हणे. आवाज आला की फळी पुन्हा भिंतीशी. "आत भाडेकरू हाय. त्येचं झालं की आपलं." अशी एक सुरेख फळी मी सांगली सोडेपर्यंत भिंतीशीच होती, भाडेकरू भलताच चिवट निघाला. काजळी धरायची तीही भर दुपारी, दिव्याभोवती पातळ कापड गुंडाळून, चिलटं जळू नयेत म्हणून. ती जवसाच्या तेलात घोटून शाई व्हायची. आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून उन्हं उतरली की ठसेघर बंद. कुणाचा ठसा अर्धा राहिला आणि तो कुरकुरला तर म्हणत, "घाई हाय व्हय? मग छापखान्यात जावा की. हितं कशाला आलाय?"

छापखान्याचं नाव निघालं म्हणून सांगते. तिथले शाई लावायचे रूळ सरस आणि गूळ आटवून ओतलेले असत. मिरजेच्या एका छापखानेवाल्यानं अण्णांचं काम पाहिलं आणि खूश होऊन असा एक नवाकोरा रूळ भेट पाठवला. सरस म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा अर्क. अण्णा त्याला शिवणार कसे? आणि भेट परत केली तर देणाऱ्याचा अपमान. अण्णांनी रूळ लांबूनच न्याहाळला आणि घेऊन आलेल्या गड्याला म्हणाले, "मालकाला सांग, लय आवडला. येवढा आवडला की हात लावायचं धाडस हुईना. तूच ठेव तुझ्यापाशी." आमच्याकडे शाई शेवटपर्यंत कापडाच्या बोळ्यानं लागली. ठशावर कागद ठेवायचा आणि पितळी वाटीच्या बुडानं पाठीवरून घासायचा. वाटीवर जोर किती द्यायचा हे अण्णा सांगत नसत. हातावर हात ठेवून दाखवत, आणि बायकांच्या हातावर तोही नाही. आमच्यासमोर ते स्वतः घासत आणि आम्ही बघायचं.

लढाईमुळे कागद मिळत नव्हता. पेठेतल्या एका दुकानदाराकडे पतंगाच्या पातळ कागदाचा जुना साठा पडून होता, तो अण्णांनी उचलला. त्या कागदानं ठसेघराचं रूपच पालटलं. इतका पातळ की पलीकडचा माणूस दिसावा. घासता घासता खालचं चित्र पाठीवर काळंकाळं वर येताना दिसायचं आणि तालमीतली पोरं "आला, आला!" म्हणून ओरडायची. पिवळा रंग हवा असला की अण्णा घरची हळद भिजवून बोळ्यानं कागदावर फिरवत. मी चित्रकलेची शिक्षिका, मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अण्णा, हळदीचा रंग कच्चा. उन्हात उडतो." हळदीच्या व्यापाऱ्याला मी हे सांगत होते! ते शांतपणे म्हणाले, "उडतो की. उडतो म्हणून तर पुन्ना लावायला मिळतो."

प्रदर्शन म्हणजे दोऱ्या, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि आम्ही. जिथे बाजार किंवा जत्रा तिथे आम्ही. औंधला यमाईच्या डोंगराखाली बांधल्या, तासगावला बांधल्या. म्हसवडला सिद्धनाथाच्या जत्रेत जे झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं. ते रॉकेल-साखर रांगेत मिळायचे दिवस. दोन माणसं एकामागे एक उभी दिसली की तिसरा न विचारता मागे उभा राहायचा. आमच्या पहिल्या दोरीसमोर दोघं चित्र बघत थांबले, आणि बघता बघता देवळाच्या कमानीपर्यंत रांग गेली. मागून एक म्हातारा ओरडला, "काय वाटत्यात रं?"

"कागूद!"

"कशाचा?"

"बैलाचा!"

रांगेच्या शेपटापर्यंत ही बातमी पोचली ती सरकार बैल वाटतंय अशी. मग जी रेटारेटी झाली! बंडोपंत घाबरून दोऱ्या सोडायला लागले. अण्णांनी त्यांना थांबवलं, बैलाचा ठसा चटईवर मांडला, आणि पहिल्या माणसाच्या हातात वाटी दिली. "घे गड्या. तुझा बैल तूच काढ." दिवसभर माणसं येत राहिली, आपापला बैल घासून काढत राहिली. त्या म्हाताऱ्यानं तर दोन काढले. "एकटा कसा जुपायचा?" म्हणाला. आमचा सगळा कागद संपला आणि अण्णांचा चेहरा लग्नघरासारखा फुलला होता.

एवढा हौशी माणूस, पण एक ठसा त्यांना जमत नव्हता. तो त्यांच्या बायकोचा, राजमतीवहिनींचा.

मी त्यांना पाहिलेलं नाही. मी सांगलीला यायच्या आधीच त्या तापानं गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. नेमिनाथ आणि राजमती ही जैनांच्या घरोघरची कथा. नेमी लग्नाच्या मांडवातून निघून जातो आणि राजमती मागे राहते. आपल्या नेमगोंडाला नेमकी राजमतीच मिळाली म्हणून लग्नात सगळ्यांनी थट्टा केली होती, नवरदेवाला धरून ठेवा म्हणून. "धरून ठेवायचं हुतं तिला," अण्णा एकदा म्हणाले. "आमची कथा उलटी छापली, बाई."

तिचा फोटो नव्हता. घरच्या सगळ्यांचा एक फोटो होता, त्यात ती मागच्या रांगेत उभी होती. पण फोटोवाल्यानं चाप ओढला आणि त्याच वेळी जावेचं मूल रडलं म्हणून ती वळली. फोटोत तिच्या जागी नुसता पदर आहे. अण्णांना तिचा चेहरा हवा होता. ठसेघर त्याचसाठी सुरू झालं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. "पुसत चाललीय, बाई," ते म्हणायचे. "पयला आवाज गेला. मग हात गेले. आता नाकातली चमकी दिसती, डाव्या भिवईवरचा देवीचा वण दिसतो, जरासं हसनं दिसतं. ह्ये जायच्या आत कोराय पायजे."

आणि कोरायचं ते कशावर? लग्नात हळद लागली तेव्हा ती ज्या पाटावर बसली होती, त्या पाटावर. शिवणीच्या लाकडाचा पाट होता. अण्णा महिनोन्महिने त्यावर कोरत. मग एके दिवशी छाप काढत, कागद उचलून बघत आणि मान हलवत. "न्हाई. ही तिची भैण." मग रंधा घेत आणि पाट तासून पुन्हा कोरा करत. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो पाट चांगला दोन बोटं जाड होता. प्रत्येक वेळी थोडा थोडा पातळ होत गेला. एका छापेच्या वेळी दादांची बायको डबा द्यायला आली होती. तिनं कागद बघितला आणि पदरानं डोळे टिपले. "हुबेहूब राजमती! आवं भावजी, चमकी डाव्या अंगाला, वण डाव्या भिवईवर, आनी काय पायजे?" अण्णा म्हणाले, "सगळं हाय, वैनी. तीच न्हाई." त्या बाईच्या देखत त्यांनी रंधा मारला. तिनं तोंड फिरवलं, मीही फिरवलं. लाकडाच्या कुरळ्या सालांमधून कुठे भिवई, कुठे ओठ जमिनीवर पडत होते, ते बघवत नव्हतं.

अण्णा दोष देत ते स्वतःच्या हाताला. "ठशात असती ती. वाटीनं घासताना कागदाखालनं वर येती, मला दिसती की! आनी उचलून पलटली की गेली. उचलायलाच माझं चुकतंय काय तरी." मी आपली हलक्या हातानं उचला म्हणून सांगायचे, बंडोपंत शाई कमी लावा म्हणायचे. शेवटी पाट इतका पातळ झाला की उन्हाकडे धरल्यावर भीती वाटावी. अण्णांनी त्यावर एकदा आणखी कोरलं आणि म्हणाले, "हे शेवटचं. हेच्यानंतर रंधा मारला तर भोक पडंल." छाप काढली. पुन्हा तेच, तिची बहीण. या वेळी त्यांनी रंधा उचलला नाही. पाट धडप्यात बांधून फळीवर ठेवला. नंतर बरेच रविवार ते कोरायला बसलेच नाहीत. नुसते आमच्यात हिंडायचे आणि मधूनच आरशापुढे जाऊन रुमाल बांधायचे.

अशात कोरेगावची बारी आली. कोरेगावला माझी आत्या, तिच्या ओळखीनं बाजाराच्या दिवशी धर्मशाळेच्या ओसरीवर दोऱ्या बांधायला मिळत. आदल्या वर्षी तिथे हौसाबाई म्हणून एक शेतकरीण आली होती. तिचा मुलगा मारुती पलटणीत होता, लढाईवर गेला तो परत आला नाही. पलटणीतून काढलेला त्याचा बोटभर फोटो तिनं चोळीतून काढून दिला होता आणि मोठा करून मागितला होता. ते काम बंडोपंतांनी अंगावर घेतलं. जीव ओतून कोरलं, आणि व्हायचं तेच झालं. उलटं करायला विसरले. गालावरचा तीळ डावीकडचा उजवीकडे गेला. बिचाऱ्यांनी दुसरी फळी घेऊन सगळं पुन्हा कोरलं. सुलटा मारुती मुख्य दोरीवर लागला आणि उलटा, आमच्या रिवाजाप्रमाणे, चुकलेल्यांच्या दोरीवर.

हौसाबाई आली. बंडोपंतांनी तिला सुलट्या मारुतीपुढे उभं केलं. फोटोशी केसागणिक जुळणारं चित्र होतं. ती थोडा वेळ बघत राहिली. "चांगला केलाय," म्हणाली, पाहुण्याशी बोलावं तशी. डोळ्यांत काही नाही. मग निघाली, आणि बाजूच्या दोरीपाशी गच्चकन थांबली.

"आगं बया! ह्यो हितं कशाला टांगलाय, कडंला?"

बंडोपंत ओशाळले. "मावशी, ते चुकलंय. उलटं आलंय. तुमचा मारुती तिकडे आहे."

"त्यो पल्टणीतला. ह्यो माजा हाय."

"अहो, पण तीळ बघा ना, भलत्या गालावर..."

"हितंच असतुया त्यो!" तिनं त्यांना झिडकारलंच. "रोज सकाळी आरशात बघून पटका बांदायचा आनी मी मागं दुधाचा तांब्या घिऊन हुबी. आरशातनंच बोलायचा माज्यासंगं. आये, सरळ हाय का बघ. तोंडाम्होरं कवा गावला वो मला? उठला की रानात, न्हाईतर तालमीत. माजा मारत्या आरशातच असायचा." तिनं कागदाला हात लावला नाही. नुसती त्याच्यासमोर उभी राहिली आणि मग ओसरीवर बसून मोकळेपणानं रडली. माझी आत्या तिच्यापाशी जाऊन बसली.

अण्णा शेजारच्या दोरीला चिमटा लावत होते. तो चिमटा त्यांच्या हातात तसाच राहिला. दोन्ही कागद त्यांनीच नीट गुंडाळून हौसाबाईला दिले. तिनं एकच घेतला.

परतीच्या गाडीत अण्णा खिडकीशी बसले होते आणि रुमाल सोडून मांडीवर घेतला होता. त्यांना उघड्या डोक्यानं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. कऱ्हाड गेल्यावर आपण होऊन बोलायला लागले. "घरात सोप्यावर वडील बसलेलं, दादा बसलेलं. त्येंच्यादेखत बायकोकडं बघायचं कसं? रातीला दिवा मिणमिणता. तवा आरसा घरच्या खांबाला हुता. सकाळी मी तितं रुमाल बांधायचा, आनी ती सैपाकघरातनं परड्याकडं जाताना मागं जरा थांबायची. आरशात बघायची मला. मी तिला. रोज, बाई. येवढंच काय ते बघितलं." मिरज जवळ आल्यावर म्हणाले, "मी तिला समोरनं कोरत बसलोय. समोरनं मी तिला बघितलीच कुठं?"

बंडोपंतांच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं. ठशात ती होती, कारण ठशात ती आरशातल्यासारखी होती. घासताना पातळ कागदाच्या पाठीवर वर यायची तीही तशीच. आणि मग आम्ही सगळे छापणारे जे करतो तेच अण्णा करत आले होते. कागद उचलून पलटत होते. कागदाची पाठ बघायची असते हे ठशाच्या धंद्यात कुणाच्या डोक्यात येणार?

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा पाट चटईवर मांडलेला होता. शेवटचं कोरलेलं तसंच होतं. अण्णांनी शाई लावली, पांढरा पतंगी कागद ठेवला आणि वाटीनं सावकाश घासलं. मग कागद उचलला. पलटला नाही. तसाच माझ्या हातात दिला. "बाई, जरा दारात धरा. छाप भाईर, पाठ माझ्याकडं."

मी उंबऱ्याबाहेर उन्हात उभी राहिले आणि कागद दोन्ही हातांनी दारात धरला. माझ्या बाजूला ती होती, जावेनं हुबेहूब म्हटलेली, नाकात चमकी घातलेली एक अनोळखी बाई. पलीकडे अण्णा जमिनीवर बसले होते. कागदातून त्यांची नुसती आकृती दिसत होती. माझे हात भरून आले, तेव्हा बंडोपंत आले आणि त्यांनी एक कोपरा धरला.

"आली," अण्णा म्हणाले.

आणि मग हसल्यासारखा आवाज. "भिवई उचललीय बघा. रुमाल वाकडा असला की अशी बघायची." कागदातून मला दिसलं, त्या आकृतीचा हात वर गेला आणि त्यानं रुमाल सरळ केला. बंडोपंतांनी दुसऱ्या हातानं डोळे पुसले आणि चष्म्याला शाई लागली.

रंधा अण्णांनी त्याच दिवशी एका सुताराला देऊन टाकला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला साताऱ्याच्या शाळेत जागा मिळाली. आईचं वय झालं होतं, मी जायचं ठरवलं. माझं शेवटचं प्रदर्शन कृष्णेच्या घाटावर झालं. चुकलेल्यांची दोरीही होती, पण त्या दिवशी राजमतीवहिनींना अण्णांनी कुठे लावावं हा आम्हाला प्रश्न पडला होता. त्यांनी ना ती दोरी निवडली, ना ही. घाटाच्या एका टोकाला तिच्यासाठी वेगळीच दोरी बांधली. कागदाला मागून पुढून हळद फिरवली होती. नाव काही लिहिलं नव्हतं. दादा आले, हात मागे बांधून सगळी चित्रं बघत बघत तिथे पोचले. थोरल्या दिरासमोर ती कायम पदर खाली ओढून वावरलेली. त्यांनी तिचं तोंड कधी नीट बघितलंच नव्हतं.

"ही कोण रं, नेमू?"

"हाय एक," अण्णा म्हणाले.

"बरी काढलीयस," दादा म्हणाले आणि पुढे गेले.

उन्हं उतरायला लागली होती आणि समोरून कागदांवर पडत होती. माणसं समोरून बघत होती. अण्णा मात्र दोरीच्या मागे, वरच्या पायरीवर एकटे उभे होते. मी निरोप घ्यायला तिकडे गेले. तिथून मीही कागदाकडे एकदा पाहिलं. मला समोरच्यात आणि मागच्यात काही फरक वाटला नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं. हळद मात्र उडत चालली होती. कडेचा कागद पांढरा पडायला लागला होता.

"येते, अण्णा," मी म्हटलं. आणि मास्तरकी कुठे जाते, पुढे म्हटलंच, "सावलीत घ्या तिला. सगळा रंग जाईल."

"जाऊ द्या की," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "उद्या पुन्ना हळद लावीन."

मी पायऱ्या चढून वर आले. मला पुन्हा सांगलीला जाणं झालं नाही; अण्णा गेल्याचं मला बंडोपंतांकडून कळलं तेही फार उशिरा. माझ्यापाशी त्यांचं काहीच नाही, तो उजव्या सोंडेचा गणपतीसुद्धा नाही. आहे ते एवढंच, की त्या संध्याकाळी वर पोचल्यावर मी वळून पाहिलं. लोक पांगत होते. पिवळ्या कागदामागे अण्णा तसेच उभे होते. त्यांनी हात वर नेला आणि रुमाल सरळ केला. तो वाकडा नव्हता.